ऊन पडलं की उजळणारा बोर्ड

बायकोचा दातांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि बिल्डिंगचं तोंड पश्चिमेला, या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथं आहे. खाली जिन्यापाशी आम्ही लाल अक्षरं सरकणारा एलईडी बोर्ड लावला होता, डॉक्टर आहेत का नाहीत, किती वाजेपर्यंत आहेत वगैरे सांगायला. सकाळी झक्क दिसायचा, रात्री तर रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही वाचता यायचा, पण तीन वाजले आणि ऊन थेट अंगावर आलं की खेळ खलास, नुसता काळा पत्रा. म्हातारी माणसं गाल धरून जिना चढायची आणि कुलूप बघून परत उतरायची. एक आजोबा मला म्हणाले, "अहो, दुपारचा बोर्ड बंद का ठेवता?" बंद कुठला, चांगला चालू होता, वीज खात होता, फक्त सूर्यापुढे काजवा झाला होता.

आणि त्याच बोर्डाखाली सेलोटेपने चिकटवलेला "चप्पल बाहेर काढावी" हा झेरॉक्सचा कागद मात्र भर उन्हात लांबून वाचता यायचा. ऊन जेवढं कडक तेवढा जास्त स्पष्ट. दोन-अडीच हजारांचा बोर्ड हरला आणि दोन रुपयांचा कागद जिंकला, हे काही माझ्या डोक्यातून जाईना, मग मी वाचत सुटलो आणि वाचता वाचता कळलं की याच प्रश्नावर जगात पन्नासेक वर्षं लोक डोकं फोडतायत आणि आता कुठे त्याची उत्तरं रस्त्यावर दिसायला लागलीयत.

मुद्दा असा आहे की वाचायच्या गोष्टी दोन जातीच्या. एक, ज्या स्वतः उजेड टाकतात, म्हणजे मोबाइल, टीव्ही, एलईडी होर्डिंग. दुसऱ्या, ज्या स्वतः काहीच टाकत नाहीत, त्यांच्यावर जो उजेड पडतो तोच कुठे परत फेकतात आणि कुठे गिळतात, म्हणजे कागद, फळा, एसटीची पत्र्याची पाटी. दुसऱ्या जातीतली एक स्क्रीन तुम्ही लहानपणापासून बघताय पण तिला स्क्रीन म्हणत नाही: किराणा दुकानातला कॅल्क्युलेटर. राखाडी पट्टीवर काळे आकडे, मागे दिवाबिवा काही नाही, आणि वरच्या बोटभर सोलर पट्टीवर वर्षानुवर्षं चालतो. उन्हात नेला तर आकडे आणखी ठसठशीत दिसतात. मनगटावरचं साधं डिजिटल घड्याळ पण तेच. म्हणजे कल्पना नवी नाहीच, अडचण होती ती मोठ्या आकाराची आणि चांगल्या पांढऱ्या रंगाची.

आता थोडं गणित, घाबरू नका, भागाकारापुरतंच आहे. पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात. ऑफिसात ३०० ते ५०० लक्स असतो, भर दुपारच्या थेट उन्हात साधारण १ लाख. आणि एखादा पृष्ठभाग आपल्या डोळ्याला किती उजळ दिसतो ते निटमध्ये मोजतात. पांढरा कागद पडलेल्या उजेडातला साधारण ८० टक्के परत फेकतो, आणि तो सगळीकडे पसरतो म्हणून ३.१४ ने भागायचं, म्हणजे १ लाखाचे ८० हजार आणि त्याला ३.१४ ने भागलं की झाले सुमारे २५ हजार निट. आता स्क्रीनकडे बघा. घरचा टीव्ही काहीशे निट, बरा मोबाइल हजाराच्या आसपास, खास बाहेर लावायला बनवलेली एलसीडी २,५०० च्या पुढे, आणि हायवेवरची ती डोळे फोडणारी एलईडी होर्डिंग ५ ते १० हजार. म्हणजे झेरॉक्सचा कागद उन्हात होर्डिंगला दुपटीने मागे टाकतो, तेही फुकटात, लाइट बिल शून्य.

बरं, नुसतं उजळ असून भागत नाही, काळं काळं दिसायला पाहिजे. उन्हात स्क्रीनचा काळा भागही काळा राहत नाही, काच आणि काचेवरची धूळ मिळून समजा ५ टक्के उजेड परत फेकतायत तर ते १,६०० निट झाले. ५०० निटचा जुना मोबाइल धरला तर त्याचा पांढरा भाग २,१०० आणि काळा १,६००, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखेच, आणि म्हणूनच आपण रस्त्यात उभं राहून मोबाइलवर हाताचा मांडव घालून ओटीपी वाचतो. २,५०० निटची महागडी बाहेरची स्क्रीन घेतली तरी फरक अडीचपटीवरच अडकतो. कागदाचं तसं नाही. ऊन वाढलं की कागदाचं पांढरं वाढतं आणि शाईचं काळंही त्याच प्रमाणात वाढतं, त्यामुळे दोघांमधलं गुणोत्तर सकाळी जे असतं तेच दुपारी. हे एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

मग स्क्रीनवाले काय करतात, तर अजून जोर लावतात. एलसीडीचं तर दुखणंच असं की मागचा दिवा जेवढा उजेड टाकतो त्यातला जेमतेम ५ ते १० टक्के बाहेर येतो. निम्म्याहून जास्त पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत डोलणारा उजेड सोडणारी फिल्म, खातो, उरलेल्यातला दोन तृतीयांश लाल-हिरवे-निळे फिल्टर खातात, थोडा बारीक तारांत जातो. गळक्या हंड्याने पाणी भरण्यातला प्रकार. बाहेर लावायची ५५ इंची भगभगीत स्क्रीन साधारण ३५० वॅट खाते असं धरलं आणि ती रोज १६ तास चालली तर दिवसाला साडेपाच युनिट, महिन्याला १६५ च्या वर, युनिटला १० रुपये धरा आणि करा हिशोब, एका बोर्डाचे. शिवाय ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच डब्यात फिरते, वरून ऊन भाजतंय ते वेगळं, म्हणून आत पंखे, पंख्यांना जाळ्या, जाळ्यांत धूळ. आणि एलसीडीतलं ते लिक्विड क्रिस्टल एका तापमानापलीकडे तापलं की चक्क साधं द्रव होऊन जातं, त्याची ती शिस्तीत उभी राहायची सवय मोडते आणि स्क्रीनवर मध्येच काळा डाग उमटतो. गार झालं की परत जातो. नागपूर-चंद्रपुरात ४५ डिग्रीला बाहेर उभ्या असलेल्या डब्याच्या आत काय होत असेल त्याची कल्पना करा.

तर सूर्याशी भांडण्यापेक्षा त्याचाच उजेड उसना घ्यावा, आणि कागदासारखाच पण बदलता येणारा कागद करावा, ही रिफ्लेक्टिव्ह डिस्प्लेची सगळी गोष्ट.

याचे जुने अवतार यंत्राचे होते आणि मला ते फार आवडतात. इटलीतल्या उदिने गावच्या सोलारी कंपनीचे फडफड करत पानं पलटणारे बोर्ड, युरोपातल्या स्टेशनांवर आणि कितीतरी विमानतळांवर होते, फडफड थांबली की सगळं स्टेशन मान वर करायचं. मग कॅनडातल्या फेरांटी-पॅकार्ड कंपनीने १९६० च्या दशकात फ्लिप-डॉट आणला: टिकलीएवढी चकती, एका बाजूने काळी, दुसऱ्या बाजूने भडक पिवळी, तिच्यामागे विजेचा एक झटका दिला की चुंबकामुळे ती उलटते आणि मग तशीच राहते, पुन्हा झटका देईपर्यंत वीज नको. परदेशातल्या बसच्या कपाळावर असे बोर्ड वर्षानुवर्षं होते. उन्हात एकदम स्पष्ट. पण चकत्या अडकतात, धूळ बसते, आणि एकेक टिकली एवढी मोठी असल्यावर आपलं "क्ष" आणि "ज्ञ" लिहायचं कसं हा प्रश्न आहेच.

तर टिकल्या बारीक करायच्या, इतक्या की दिसणारच नाहीत. १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात निक शेरिडन यांनी अर्धे काळे अर्धे पांढरे बारीक मणी तेलात ठेवून ते विजेने फिरवायचा प्रयोग केला, त्याला गायरिकॉन म्हणायचे. पुढे एमआयटीत जोसेफ जेकबसन आणि त्यांच्याबरोबरच्या बॅरेट कॉमिस्की आणि जे. डी. अल्बर्ट या दोन विद्यार्थ्यांनी दुसरी वाट काढली आणि १९९७ मध्ये ई इंक कंपनी निघाली. मणी फिरवायच्या भानगडीत न पडता त्यांनी केसाच्या जाडीएवढ्या पारदर्शक गोळ्या केल्या, म्हणजे कॅप्सूलच, आत स्वच्छ तेल, आणि तेलात दोन प्रकारची पूड. पांढरी पूड टायटॅनियम डायऑक्साइडची, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच, आणि काळी पूड काजळीसारखी कार्बनची. दोघांवर विरुद्ध विद्युतभार. खालून एका दिशेने व्होल्टेज दिलं की पांढरी वर तरंगून येते आणि काळी तळाला जाते, उलटं दिलं की काळी वर. वर जी पूड असेल ती तुम्हाला दिसते. संपलं, एवढंच आहे, यालाच ई-पेपर म्हणतात. विहिरीत पोहरा वरखाली होतो तसं, फक्त लाखो पोहरे आणि प्रत्येक केसाएवढा.

आता यातली खरी मेख. पूड वर आली की ती तिथं चिकटून राहते. व्होल्टेज काढून घ्या, बॅटरी काढून घ्या, वायर कापा, अक्षर जागचं हलत नाही. वीज लागते ती फक्त बदलायला. टीव्हीचं म्हणजे हातात वजन धरून उभं राहण्यासारखं आहे, दमलात की पडलं. याचं म्हणजे फळीवर वजन ठेवून दिलं आणि निघालात. सॅमसंगने आपल्या ३२ इंची रंगीत ई-पेपर पोस्टरच्या माहितीत चित्र स्थिर असताना ०.०० वॅट असं लिहिलंय, त्यात थोडी मखलाशी आहे म्हणा, ०.००५ वॅटच्या खाली गेलं की नियमाप्रमाणे ०.०० लिहिता येतं, पण तरी ते भिंतीवरच्या घड्याळाच्या पंक्तीतलं झालं.

लोकांना ई इंक म्हटलं की किंडल, म्हणजे पुस्तकं वाचायचं ते यंत्र, आठवतं, ते आलं २००७ मध्ये, त्याआधी २००४ मध्ये जपानात सोनीचं लिब्रिए. पण कंपनीचा पहिला माल पुस्तक नव्हताच, १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनीच्या दुकानात लावलेला सेलचा बोर्ड होता. म्हणजे बोर्डापासून निघाले, पुस्तकात वीस वर्षं मुक्काम केला, आणि आता परत बोर्डाकडे आलेत.

तुमच्या घरात ई-पेपर नसेल पण त्याचा चुलतभाऊ बहुतेक असणार. ती दीडदोनशे रुपयांची पोरांची एलसीडी पाटी, काळी, प्लॅस्टिकच्या काडीने किंवा नखाने लिहिलं की हिरवं उमटतं आणि बटण दाबलं की सगळं पुसतं. आमच्या घरी एक आहे. तिच्यातला बटण सेल काढला आणि लिहिलं तरी लिहिता येतं! फक्त पुसता येत नाही, करून बघा. ते कोलेस्टेरिक लिक्विड क्रिस्टल. रेणू जिलबीच्या वेढ्यांसारखे, नाही, स्क्रूच्या आट्यांसारखे म्हणणं बरोबर, गुंडाळलेले असतात आणि त्या आट्यांमधलं अंतर हिरव्या उजेडाच्या तरंगलांबीच्या मापाचं ठेवलं की ते फक्त हिरवा उजेड परत फेकतात, रंग न लावताच रंग, मोरपिसासारखा. आट्या विस्कटल्या की उजेड आरपार जातो आणि मागचा काळा रंग दिसतो. दाबलं की दबावाखाली आट्या नीट बसतात आणि तशाच राहतात, पुसायला विजेचा झटका लागतो. दोन्ही अवस्था बिनविजेच्या टिकतात. नावातलं कोलेस्टेरिक म्हणजे तेच कोलेस्टेरॉल ज्याच्या रिपोर्टला आपण घाबरतो, कारण १८८८ मध्ये फ्रीडरिश राइनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतीशास्त्रज्ञाला लिक्विड क्रिस्टल पहिल्यांदा सापडलं ते गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगात. अमेरिकेत ओहायोमधल्या केंट गावात यावर पुष्कळ काम झालं आणि लिहायची पाटी २०१० मध्ये तिथूनच निघाली. मोठे थर एकावर एक रचून याचेही रंगीत बोर्ड करतात.

आणखी दोन-तीन वाटा होत्या, भराभर सांगतो. क्वालकॉमने फुलपाखराच्या पंखांची नक्कल करून मिरासोल नावाची स्क्रीन काढली, सुंदर होती, बाजारात टिकली नाही. तेलाचा थेंब विजेने आकसवायचा आणि पसरवायचा अशीही एक स्क्रीन नेदरलंड्समध्ये निघाली, कंपनी या हातातून त्या हातात गेली आणि बंद झाली. आणि कॅल्क्युलेटरचीच मोठी, रंगीत आवृत्ती म्हणजे मागे दिव्याऐवजी आरशासारखा थर लावलेली रिफ्लेक्टिव्ह एलसीडी, तिच्यावर व्हिडिओसुद्धा चालतो, पण चित्र टिकवायला तिला थोडी थोडी वीज सतत द्यावी लागते. बाहेरच्या माहितीच्या बोर्डांत सध्या जास्त दिसतो तो ई-पेपर.

सिडनीत २०१५ मध्ये रस्ते खात्याने पार्किंगचे ई-पेपरचे बोर्ड लावले. मॅच असली, कार्यक्रम असला की तेवढ्यापुरतं इथं गाडी लावू नका असं सांगायचं, यासाठी पूर्वी माणसं रात्री फिरून पाट्या बदलायची. आता वर छोटं सोलर पॅनेल, आत मोबाइलचं सिम, आणि ऑफिसातून पाटी बदलते. खांबापर्यंत वीज न्यायला रस्ता खोदायचा नाही, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठी बचत हीच आहे. युनिटचे पैसे आपण मोजत बसतो पण रस्ता खोदायची परवानगी, केबल, मीटर, परत डांबर, यातून ज्याला जावं लागलंय त्याला विचारा. त्याच वर्षाच्या शेवटी लंडनमध्ये बसस्टॉपवर सोलरवर चालणारा ई-पेपर लावून बघितला. बॉस्टनमध्ये ट्रामच्या रस्त्यावरच्या स्टॉपांवर आणि बसस्टॉपांवर असे सोलर बोर्ड लावलेत, पुढची गाडी किती मिनिटांत येतेय ते सांगणारे, आणि मजा म्हणजे ई इंक कंपनी मूळ त्याच भागातली.

यात एक गोष्ट मला आधी कळली नव्हती. आपण म्हणतो स्क्रीन वीज खात नाही, मग सोलर पॅनेल कशाला? तर मोडेमला. बस कुठे आहे हे विचारायला दर मिनिटाला इंटरनेटशी बोलायचं तर ते बोलणंच महाग, अक्षर बदलणं त्यापुढे किरकोळ. त्यामुळे असा बोर्ड बनवणाऱ्याचं अर्ध डोकं स्क्रीनवर नाही, झोपेवर खर्च होतं: कधी जागं व्हायचं, किती सेकंदात निरोप घ्यायचा आणि परत कधी आडवं व्हायचं. मध्यरात्री बस नाही तर कशाला उठायचं? ढगाळ आठवडा असेल तर एक मिनिटाऐवजी पाच मिनिटांनी उठायचं. कोकणातल्या पावसाळ्यात असा बोर्ड लावायचा तर पॅनेल आणि बॅटरी जुलैच्या हिशोबाने घ्यावी लागेल, मेच्या नाही.

आता दोष, कारण दोष पुष्कळ आहेत आणि विकणारे ते बारीक अक्षरात लिहितात.

पहिला म्हणजे हे सगळं मंद. तेलातून पूड वर यायला वेळ लागतो. काळापांढरा बोर्ड एखाद्या सेकंदात बदलतो, रंगीत असेल तर दहा, पंधरा, वीस सेकंदही. आणि जुन्या चित्राची पुसट सावली राहू नये म्हणून बदलताना सगळा बोर्ड काळापांढरा लुकलुकतो, पाटी ओल्या फडक्याने पुसून घेतल्यासारखं. शिवाय तेल थंडीत घट्ट होतं आणि उन्हाळ्यात पातळ, त्यामुळे किती व्होल्टेज किती वेळ द्यायचं हे तापमान बघून ठरवावं लागतं, आत थर्मामीटर असतो आणि प्रत्येक तापमानाची वेगळी पाककृती साठवलेली असते. बाहेरच्या बोर्डांसाठी खास बनवलेला कॅलिडो ३ आउटडोअर नावाचा रंगीत ई-पेपर उणे १५ ते ६५ डिग्रीपर्यंत चालतो असं ई इंक सांगते, साधे मात्र ० ते ५० च्या आसपासचेच असतात.

दुसरा रंग. कागदावरही रंग म्हणजे उजेड कापणंच, पण काळ्यापांढऱ्या ई-पेपरवर लाल-हिरवे-निळे फिल्टर बसवले तर उजेड आत जाताना एकदा गाळला जातो आणि बाहेर येताना परत एकदा. आणि मुळात ई-पेपरचं पांढरं साधारण ४० टक्केच उजेड परत फेकतं, चांगल्या कागदाच्या निम्मं, म्हणजे आधीच वर्तमानपत्राच्या कागदापेक्षा मळकट, त्यावर फिल्टर म्हणजे रंग दहा वेळा धुतलेल्या साडीसारखे. उन्हात चालून जातं, कारण फिल्टर नसताना ४० टक्क्यांनी १२ हजार निट होतात, त्यातले बरेच गेले तरी पुष्कळ उरतात. सावलीत मात्र उदास. म्हणून दुसरी पद्धत, पूडच रंगीत घ्यायची, एकेका कप्प्यात चार रंगांची पूड आणि प्रत्येकीला वेगळ्या तऱ्हेच्या विजेच्या झटक्यांनी वर बोलवायचं. रंग छान येतात, पोस्टरसारखे, पण मग ते वीस सेकंद.

तिसरा रात्र. उसनं घ्यायला ऊनच नाही. तेव्हा कडेने छोटे एलईडी लावून उजेड काचेतून पानावर पसरवतात, किंडलमध्ये असतो तसा फ्रंटलाइट, किंवा सरळ वर एक छोटा दिवा, देवळाच्या पाटीवर असतो तसा. यालाही वीज लागते पण दिवसभर सूर्याशी झुंजायला लागते त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, कारण अंधारात थोडक्या उजेडात भागतं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी अर्थातच एक साडेसात इंची ई-पेपर मागवला, काळा-पांढरा-लाल असा तीन रंगांचा, लाल कशाला तर "आज बंद" ठळक दिसावं म्हणून. मागे एक छोटा वायफायचा बोर्ड, दोन रिचार्जेबल सेल, दर पंधरा मिनिटांनी जागा होऊन बायकोच्या मोबाइलवरून बदललेली वेळ उचलायचा. पहिल्याच दिवशी फजिती, लाल रंग सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश येतो, त्यामुळे बोर्ड बदलताना पंधरा-वीस सेकंद नुसता लुकलुकत बसायचा, आणि एक काकू वर येऊन सांगून गेल्या की खाली शॉर्टसर्किट झालंय. पण दुपारी तीनला काय दिसायचा महाराजा! पोस्टाने आलेल्या छापील पत्रासारखा. चहावाला मुद्दाम रस्ता ओलांडून बघायला आला आणि बोट लावून म्हणाला, स्टिकर आहे.

मग मे महिना आला आणि माझी हुशारी निघाली. डबा मी काळा रंगवला होता, दिसायला भारी म्हणून, पश्चिमेच्या उन्हात तो तवा झाला. वर अतिनील किरणं अडवणारी फिल्म लावायला पाहिजे होती ती लावली नव्हती, साधी काच होती. जूनपर्यंत पांढरं पिवळसर झालं आणि जुन्या अक्षरांची भुतं दिसायला लागली. चूक माझीच, घरात वापरायचा माल बाहेर टांगला होता. दुसरा घेतला तो फक्त काळापांढरा, डबा पांढरा, वर पत्र्याची बोटभर झाप, आणि काचेवर फिल्म. तो व्यवस्थित चालला.

म्हणजे चालला असं वाटलं. आंब्याच्या दिवसांत आम्ही तीन दिवस देवगडला गेलो, निघताना बायकोने मोबाइलवरून "आज बंद" टाकलं आणि विषय संपला. परत आलो तर दारात रागावलेले दोन पेशंट आणि फोनवर सात मिस्ड कॉल. झालं असं की सेल आदल्या रात्रीच संपले होते. साधा बोर्ड असता तर काळा पडला असता, लोकांना कळलं असतं बंद आहे. हा मात्र तीन दिवस भर उन्हात, स्वच्छ, सुवाच्य अक्षरात सांगत होता: डॉक्टर आत आहेत, वर या.

ज्या गुणाचं मी वर एवढं कौतुक केलं, वीज गेली तरी अक्षर जात नाही, त्याचीच ही दुसरी बाजू. मेलेली टीव्ही मेलेली दिसते. मेलेला ई-पेपर जिवंत दिसतो आणि शेवटचं वाक्य सांगत राहतो. बसस्टॉपवर विचार करा, "पुढची बस ३ मिनिटांत" असं लिहून बोर्ड गतप्राण झाला तर माणूस किती वेळ उभा राहील? म्हणून मरायच्या आधी, बॅटरी अमुक इतकी खाली गेली की, शेवटच्या ताकदीने "बंद आहे" असं लिहूनच झोपायचं ही सोय करावी लागते. माझ्या बोर्डात ती नव्हती, आता आहे. शिवाय कोपऱ्यात "ही माहिती इतक्या वाजताची" असं लिहायचं.

एवढं असूनही हे बोर्ड आपल्याकडे रस्तोरस्ती का नाहीत? किमतीचा भाग आहेच, मोठ्या आकाराचा ई-पेपर त्याच मापाच्या साध्या टीव्हीपेक्षा पुष्कळ महाग पडतो. पण मला वाटतं अर्ध कारण वेगळंच आहे. रस्त्यावरच्या बोर्डाचा पैसा जाहिरातवाला देतो, आणि जाहिरातवाल्याला तुम्ही वाचावं एवढंच नको असतं, तुम्ही बघायलाच पाहिजे असं हवं असतं, रात्री, पावसात, गाडी चालवताना, मान वळवून. गप्प बसणारा, डोळ्यात न घुसणारा बोर्ड त्याला काय कामाचा? ज्याला खरंच काही सांगायचंय, बस कधी, दवाखाना उघडा का, पाणी किती वाजता येणार, रेशन आलं का, त्याच्यासाठी हा माल आहे, आणि त्याच्याकडे पैसे नसतात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या खडूच्या फळ्याची जागा घ्यायला मात्र याच्याएवढं योग्य दुसरं काही मला दिसत नाही.

आमच्या बोर्डावर आता उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात वेळ येते, "माहिती ३:१५ ची". परवा तेच आजोबा खाली उभे होते, चष्मा वर करून बोर्ड वाचला, कोपरा वाचला, मग खिशातून घड्याळ काढून दोन्ही वेळा जुळवून बघितल्या आणि मगच जिना चढायला लागले.